कोपर वर, मान खाली

सल्ला देण्यासाठी माणसाला त्या विषयाचे थोडेतरी ज्ञान असावे लागते, असा एक समज मोठ्या शहरांतून आढळतो. आमच्या मलकापुरात तो अजून पोचलेला नाही. स्टेशनाकडून बाजारात येताना तुमच्या सायकलची चेन उतरली आणि ती बसवायला तुम्ही खाली वाकलात, की मान वर करीपर्यंत चार माणसे भोवती जमतात. एक म्हणतो, मागचे चाक उचला. दुसरा म्हणतो, पायडल उलटे फिरवा. तिसऱ्याचे मत असे, की चेन मुळातच ढिली आहे. चौथा काही वेळ नुसता पाहतो आणि मग म्हणतो, "मास्तर, आता गाडी घ्या एखादी." चौघांपैकी एकाच्याही बोटाला काळे लागत नाही. दिवाळीत तर या उद्योगाला बहर येतो. चकलीच्या भाजणीत मोहन किती, अनारशाचे पीठ किती दिवस मुरवायचे, आकाशकंदिलाचा दोर कोणत्या खिळ्याला बांधायचा, याबद्दल प्रत्येक घरात जितकी माणसे, त्याहून एक मत अधिक असते.

या प्रकाराला मी फार हसू नये हे बरे. मी शाळामास्तर आहे. सल्ला हेच माझे पोटापाण्याचे साधन. दिवसाकाठी आपण किती सल्ले देतो ते मोजावे, असे एकदा मनात आले. मधल्या सुटीपर्यंत एकेचाळीस झाले, तेव्हा मोजणे सोडून दिले. सरळ बस, ओळीवर लिही, अक्षर मोठे काढ, आधी वाच मग बोल. यांतले किती पोरांच्या अंगी लागतात आणि किती वर्गाच्या खिडकीतून बाहेर जातात, हा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून आम्हा मास्तर लोकांचे बरे चालले आहे. पण चांगला सल्ला कोणता आणि वाईट कोणता, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याच्या उत्तराचा माग मला लागला तो अगदी भलत्याच ठिकाणी. म्हणजे गोल्फ या खेळात.

मलकापूर आणि गोल्फ यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध काही नाही. आमच्याकडे एवढी हिरवी जमीन रिकामी दिसली, तर लोक तिच्यात कपाशी लावतील. पण फावल्या वेळात मी कादंबऱ्याही लिहितो, आणि एका कादंबरीत माझ्या एका पात्राने मला अडचणीत आणले. हा गृहस्थ मलकापूरचाच. कापसाच्या व्यापारात वर चढत चढत मुंबईला मोठा साहेब झालेला. निवृत्तीनंतर तो चेंबूरला गोल्फ खेळू लागतो आणि त्याला ते जमत नाही, असे मी एका ओळीत लिहून टाकले. लिहिताना बरे वाटले. पुढच्या पानावर प्रश्न आला, की जमत नाही म्हणजे नेमके काय होते? मग मी गोल्फवरची पुस्तके मिळवून वाचू लागलो. माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाने शब्दकोश मांडीवर घेऊन गोल्फचा अभ्यास करावा, याचे घरात सर्वांना मोठे कौतुक वाटले. माझी आई म्हणाली, "काठी फिरवाची हाय ना? मंग पुस्तक कायले लागते त्याले?"

आईच्या या प्रश्नात केवढा अर्थ होता, हे मला पुस्तके वाचल्यावर कळले.

गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. क्रिकेटसारखा तो अंगावर येत नाही, की टेनिससारखा दूर पळत नाही. आपण काठी घ्यायची, ती मागे न्यायची, फिरवायची आणि चेंडू दूरच्या खळीकडे धाडायचा. याहून सोपे काय असेल? पण या सोपेपणातच सारी मेख आहे. अंगावर आलेल्या चेंडूला माणूस विचार न करता मारतो. स्वस्थ पडलेला चेंडू माणसाला विचार करायला सवड देतो; आणि विचार करणारा माणूस दिसला, की सल्लागार जमतात. बेन होगन या अमेरिकन खेळाडूचे 'फाइव्ह लेसन्स' हे १९५७ सालचे पुस्तक आजही गोल्फवाल्यांत पोथीसारखे मानतात. काठी कशी धरावी, उभे कसे राहावे, कंबर केव्हा वळवावी, हे त्यात चित्रे काढून सांगितले आहे. पुस्तक मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या आगेमागे इतकी पुस्तके निघाली आणि इतक्या लोकांनी इतके सांगितले, की नवा खेळाडू मैदानात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यात साऱ्या पंचांची सभा भरलेली असते. मान खाली ठेव. डावा हात ताठ. उजवे कोपर अंगाशी. गुडघे किंचित वाकव. सावकाश मागे ने. जोर लाव. जोर लावू नकोस!

यांतला सर्वांत लाडका सल्ला म्हणजे "मान खाली, नजर चेंडूवर". टोला फसला, की शेजारचा गृहस्थ हमखास म्हणणार, "तुम्ही मान वर केलीत." गंमत अशी, की ॲनिका सोरेनस्टाम या स्वीडनच्या बाईंचे डोके चेंडूला काठी लागण्याच्या आतच पुढे वळू लागे. डेव्हिड डुव्हल या अमेरिकन खेळाडूचेही तसेच. पैकी सोरेनस्टामबाईंनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धांत ७२ विजेतेपदे मिळवली. मग मान खाली ठेवा हे खोटे काय? खोटे नाही, नजर भरकटू नये, एवढा त्यातला गाभा खराच आहे. पण नवशिका ते ऐकून मान अशी आवळून धरतो, की खांदेही फिरेनासे होतात. सल्ल्यातला गाभा बाजूला राहतो आणि टरफल तेवढे गळ्यात अडकते.

याच्या उलट प्रकारही आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुधा उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. त्याला कोणी काही सांगत नाही. तो आपल्याच अकलेने ठरवतो, की चेंडू उजवीकडे जातो, तर आपण काठी डावीकडे ओढून मारावी. असे केले, की काठी चेंडूला अधिकच आडवी घासते आणि चेंडू अधिकच उजवीकडे वळतो. तो आणखी डावीकडे ओढतो, चेंडू आणखी उजवीकडे! तेव्हा सल्ला मुळीच नको, माणसाने आपले आपण शिकावे, असे म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. कधीकधी सर्वांत वाईट सल्लागार आपल्याच डोक्यात बसलेला असतो. अशा वेळी बाजूला उभे राहून पाहणारा दुसरा माणूस लागतोच. प्रश्न एवढाच, की त्याने बोलावे काय आणि किती.

पुस्तकांतून मला एक हिशेब मिळाला, तो मी वहीत टिपून ठेवला आहे. काठी वरून खाली चेंडूपर्यंत यायला चांगल्या खेळाडूला सुमारे पाव सेकंद लागतो. काठी आणि चेंडू यांची भेट तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढीच टिकते. डोळ्यांना काही दिसून हातांनी त्यावर काही करायचे म्हटले, तर त्यालाच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणजे काठी एकदा खाली निघाली, की त्यानंतर कोणताही सल्ला अमलात आणायला सवडच उरत नाही. जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आणि आपण त्या पाव सेकंदात कोपर, मान, गुडघा आणि मनगट अशा चार ठिकाणी लक्ष द्यायला सांगत असतो.

हे वाचताना मला नळगंगेच्या पात्राची आठवण झाली. उन्हाळ्यात नळगंगेला पाणी नसे तेव्हा आम्ही पोरे वाळूच्या कडेला, जिथे जमीन घट्ट असे तिथे, गिल्लीदांडू खेळत असू. पश्चिमेकडची मंडळी याला विटीदांडू म्हणतात. त्यांच्या खेळात वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी असते. हे शब्द तेलुगू आकड्यांचे वंशज आहेत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. कोणत्या काळी, कोणत्या वाटेने हे आकडे मराठी पोरांच्या तोंडी येऊन बसले, देव जाणे! आमची गिल्ली बाभळीची, दोन्ही टोकांना निमुळती. टोकावर दांडूचा हलका ठोका दिला, की ती उडते. आणि हवेत असतानाच तिला टोला हाणायचा. गोल्फपेक्षा हे अवघड आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. गोल्फचा चेंडू निदान स्वस्थ तरी बसतो.

तिथे संध्याकाळी जिनिंगमधून सुटलेला एक हमाल विडी ओढत बसे. अंगावर सरकीचा भुगा आणि कापसाचे तंतू, त्यामुळे तो नेहमी म्हातारा दिसे. वय फार नसावे. तो आमचा खेळ दिवसेंदिवस पाही आणि काही बोलत नसे. माझा टोला बसत नसे. गिल्ली उडाली, की मी डोळे फाडून तिच्याकडे पाही, दात आवळून दांडू फिरवी आणि दांडू हवेतून नुसता सूं करून जाई. एका संध्याकाळी त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "पोट्ट्या, गिल्लीवर राग कायले धरतं? थे पल्याडची बाभूय दिसते ना? तिच्या बुडाशी धाड गिल्लीले." एवढेच. कोपर नाही, मान नाही, मनगट नाही. मी बाभळीकडे पाहिले, गिल्ली उडवली आणि टोला हाणला. गिल्ली बाभळीपर्यंत काही पोचली नाही. पण दांडूवर तिचा जो टणत्कार झाला, तो अजून तळहाताला आठवतो.

त्या हमालाला शाळा कितपत ठाऊक होती कोण जाणे. पण गॅब्रिएले वुल्फ नावाच्या विदुषी आणि त्यांचे सहकारी यांनी गोल्फच्या नवशिक्यांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी त्याचीच बाजू घेतलेली दिसते. त्यांनी नवशिक्यांचे दोन गट केले. एका गटाला सांगितले, आपले हात कसे फिरतात इकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितले, काठी कशी फिरते इकडे लक्ष द्या. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले. सरावात तर पडलेच, पण दुसऱ्या दिवशी सूचना न देता खेळवले तेव्हाही पडले. शरीराला कुठे पोचायचे ते सांगितले, तर कसे पोचायचे हे ते पुष्कळसे आपले आपण ठरवते. तीनच वर्षांनी, २००२ साली, सिआन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुरलेल्या खेळाडूला चेंडू खळीत ढकलताना आपल्याच हाताच्या हालचालीवर पहारा करायला लावले, तर त्याचा खेळ बिघडतो. त्याचे लक्ष दुसरीकडे गुंतवले, तर इतका बिघडत नाही. आमच्या आईला पुरणपोळी लाटताना "पोळी फुटू न देता कडेपर्यंत पुरण कसे नेतेस?" असे विचारले, की तेवढीच एक पोळी फुटते आणि विचारणाऱ्याला खावी लागते.

आता धरण्याविषयी. गोल्फमध्ये काठी धरण्यावर जितकी पाने लिहिली गेली असतील, तितकीच क्रिकेटमध्ये बॅट धरण्यावर निघतील. डॉन ब्रॅडमन लहानपणी बौरल गावी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांवर चेंडू फेकी आणि उसळून आलेल्या त्या चेंडूला क्रिकेटच्या यष्टीने मारी. तो चेंडू होता गोल्फचा! शिकवायला जवळ कोणी नव्हते, त्यामुळे त्याचे बॅट धरणे आणि उचलणे दोन्ही पुस्तकाबाहेरचे झाले. १९२८-२९ च्या मालिकेनंतर पर्सी फेंडरसारख्या जाणत्या इंग्रजाने त्याच्या खेळाच्या भरवशाविषयी शंका घेतली होती. १९३० साली ब्रॅडमन इंग्लंडला गेला आणि पाच कसोट्यांत त्याने ९७४ धावा केल्या.

आपल्या सांगलीचे विजय हजारे बॅट दोन पॅडांच्या मधे धरून उभे राहत. पाहणाऱ्याला ते अवघडलेले वाटे. ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हे त्यांचे गुरू. त्यांनी हजाऱ्यांच्या गोलंदाजीवर मेहनत घेतली, पण त्या उभे राहण्याला हात लावला नाही. शिकवणाऱ्याने काय केले याची नोंद सगळे ठेवतात. काय करायचे टाळले याची कोणी ठेवत नाही. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्याच संघाविरुद्ध हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. त्यांत ग्रिमेटच्या न दिलेल्या सल्ल्याच्या किती धावा होत्या, हे कोणी सांगावे?

आणि सचिन तेंडुलकर. लहानपणी थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटने खेळल्यामुळे त्याला दांड्याच्या अगदी खाली धरण्याची सवय लागली. ती बदलावी, असे काही शिक्षकांनी सुचवले. त्याने बदलून पाहिले, जमले नाही, पुन्हा आपले पूर्वीचे धरले. रमाकांत आचरेकर सरांची एक पद्धत मला मास्तर म्हणून फार आवडते. ते शिवाजी पार्कवर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिनला बाद करील त्याला ते नाणे. कोणीच बाद केले नाही, तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. 'शेवटपर्यंत लक्ष ढळू देऊ नकोस' हे वाक्य आम्ही मास्तर वर्षभर घोकतो. सरांनी त्याचे नाणे पाडले आणि यष्टीवर ठेवले.

पण या सर्वांत मला मोठी वाटते ती चेन्नईच्या हॉटेलातली गोष्ट. सचिनने ती स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. कसोटीच्या दिवसांत त्याने खोलीवर कॉफी मागवली. घेऊन आलेला माणूस संकोचत म्हणाला, की तुमच्याशी क्रिकेटविषयी बोलायचे आहे. तुम्ही कोपराला संरक्षक पट्टा बांधता तेव्हा तुमच्या बॅटचे फिरणे बदलते. त्याने सचिनचा एकेक चेंडू पुन्हा पुन्हा पाहिला होता. आणि ही गोष्ट सचिनला स्वतःला जाणवत होती, पण त्याने ती कुणापाशीच बोललेली नव्हती. जगातल्या साऱ्या तज्ज्ञांना न दिसलेले त्या माणसाला दिसले होते. सचिनने तो पट्टा नव्याने घडवून घेतला. आणि २०१९ च्या डिसेंबरात लोकांना आवाहन करून त्या माणसाचा शोध घेतला. तो सापडलाही. यात मला दोन माणसे थोर दिसतात. एक पाहणारा, आणि एक ऐकणारा. सल्ला देणाऱ्याचा हुद्दा विचारून मग कान उघडणारी माणसे आपण रोज पाहतो.

माझा कादंबरीतला साहेब ज्या चेंबूरला खेळतो, तिथले गोल्फचे मैदान १९२७ सालापासूनच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचे. साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहणारी मुले आसपासच्या वस्तीतली. दिवसभर चांगले-वाईट टोले पाहायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. या मुलांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि आपल्या गल्ल्यांतूनच गोल्फ मांडला. गल्ली ती केवढी! चेंडू जरा वाकडा गेला, तर कोणाच्या तरी दारात. त्यांना पुस्तक नव्हते, पण ती अरुंद गल्लीच त्यांचे पुस्तक होती. आणि ते पुस्तक चूक लगेच दाखवी. त्यांतले अनिल बजरंग माने यांच्यासारखे खेळाडू पुढे व्यावसायिक स्पर्धांत उतरले. तोमाश गुदझोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्या गल्लीतल्या गोल्फची चित्रे टिपली, ती जगभर गेली. साहेबाला जे जमत नव्हते, ते त्याची पिशवी उचलणाऱ्या पोराला सळईने जमत होते. माझ्या कादंबरीचे ते प्रकरण इथे आपोआप लिहून झाले.

इथवर सगळी दुसऱ्यांची गोष्ट झाली. आता माझ्या वर्गातली सांगतो, कारण गोल्फचा हा सारा अभ्यास मला उपयोगी पडला तो तिच्यामुळेच.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. बाप नव्हता, आई सरकीच्या गिरणीत जाई, आजी दुसऱ्यांच्या शेतावर. अभ्यासात यथातथा. पण मधल्या सुटीत तो बॅट घेऊन उभा राहिला, की वरच्या वर्गातली पोरेही पाहायला थांबत. खांद्याच्या मागून बॅट अशी गोल फिरवून आणी, की पाहणाऱ्याला वाटावे, ही चुकणार. पण चेंडू शाळेच्या कडुनिंबावरून पलीकडे जाई. त्याची हजेरी खेळामुळे भरत होती, हे सर्वांना ठाऊक होते. ज्या दिवशी पावसाने मैदान भिजे, त्या दिवशी हा गैरहजर.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत कोणीतरी गावात खेळाचे शिबिर भरवले. शिकवणारे गृहस्थ मनाने चांगले असावेत. पोरांना ते रोज स्वतःच्या खर्चाने केळी देत. त्यांनी या मुलाला पाहिले आणि त्यांना त्यात खूप काही दुरुस्त करण्यासारखे दिसले. डावे कोपर वर. बॅट सरळ मागे. मान स्थिर. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत. खालचा हात सैल. पाच दिवसांत पाच गोष्टी. प्रत्येक गोष्ट पुस्तकाप्रमाणे बरोबर होती, हेच यातले दुःख. शाळा उघडली तेव्हा हा मुलगा बॅट घेऊन उभा राहिला, की आधी कोपराकडे पाही, मग पायाकडे. आणि तोवर चेंडू यष्टीपर्यंत पोचलेला असे. पोरे हसू लागली. महिनाभराने तो मैदानावर दिसेना. डिसेंबर सरता सरता वर्गातही दिसेना. हजेरीच्या पटावर त्याच्या नावापुढे 'गै' या अक्षराची रांग लागली. सातवीत सुटलेला मुलगा पुन्हा शाळेत येत नाही, हे आमच्या भागातल्या प्रत्येक मास्तराला ठाऊक असते.

जानेवारीत एके दिवशी मी त्याला शोधत शेतावर गेलो. तुरी कापून खळ्यावर आणल्या होत्या. त्याची आजी काठीने तूर बडवत होती आणि हा तिच्या समोर उभा राहून दुसऱ्या काठीने बडवत होता. तिची काठी पडली, की याची वर. याची पडली, की तिची वर. शेंगा तडतडत होत्या. मी काही वेळ बांधावरच उभा राहिलो. त्याची काठी खांद्यामागून तशीच गोल फिरून येत होती. कडुनिंबावरून चेंडू धाडणारी बॅट यायची तशी. ती कुठून आली होती, हे मला त्या दिवशी दिसले. सहाव्या-सातव्या वर्षापासून दर हिवाळ्यात तो हेच करत आला होता. त्याचे कोपर कुठे होते, हे त्याला विचारले असते, तर काठी आजीच्या पायावर पडली असती.

मला पाहून तो थांबला. आजी म्हणाली, "मास्तर, पोरगं म्हनते मले बॅट जमत नाही आता. म्या म्हटलं, काठी जमते ना? काठीले जोर लावा लागत नाही बापा. वर न्यावं आन सोडून द्यावं. पडाचं तिचं काम हाय."

शाळेत ये, शिक्षणाचे महत्त्व असे आहे, असे मी वाटेत मनातल्या मनात रचून नेले होते. ते सगळे तिथेच ठेवले. म्हटले, "सव्वीस जानेवारीच्या सामन्याला आपल्याकडे कडुनिंबावरून मारणारा कोणी नाही." बस, एवढेच. दुसऱ्या दिवशी तो आला. मैदानावर मी त्याला कोपर, पाय, मान यांतले काही म्हटले नाही. म्हटले, "निंबाचा तो वरचा वाळका फाटा दिसतो? त्याच्यावरून." पहिले दोन-तीन चेंडू हुकले. चौथा कौलावर पडला आणि दोन कौले फुटली. त्यांची भरपाई मी आनंदाने केली.

सव्वीस जानेवारीला त्याने चौदा धावा केल्या. शंभर केल्या असे लिहिले असते, तर गोष्ट अधिक रंगली असती. पण कादंबरी वेगळी आणि हे वेगळे. चौदा धावा झाल्या आणि हजेरीपटावरचे 'गै' थांबले, यांतली दुसरी गोष्ट मला मोठी वाटली. पुढे पुष्कळ दिवसांनी, आठवीत, त्याचा चेंडू बॅटच्या कडेला लागून उडू लागला, तेव्हा तो आपण होऊन विचारायला आला, "सर, माहं काय चुकते?" मग मी तीन दिवस नुसता पाहत उभा राहिलो आणि चौथ्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: खालच्या हाताची मूठ जरा सैल कर. गंमत म्हणजे शिबिरातल्या गृहस्थांनी सांगितलेल्या पाचांतलीच ती एक होती. सल्ला तोच, पण आता त्याला तो हवा होता, आणि तो एकटाच आला होता. मुलगा दहावी झाला. आज तो गावातच जिनिंगमध्ये यंत्रावर काम करतो आणि रविवारी पोरांना खेळवतो.

तेव्हापासून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. ते मी कुणाला सांगत नाही, कारण तोही सल्लाच होईल. पण दिवाळी अंकात लिहायला हरकत नसावी. आधी पुष्कळ पाहावे. हातापायाविषयी कमी आणि बाभळीविषयी जास्त बोलावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आणि जे वेडेवाकडे दिसते पण चेंडू निंबावरून धाडते, त्याला हात लावण्याआधी ते कुठून आले याची चौकशी करावी. वर्गात माझे सल्ले यामुळे एकेचाळिसावरून किती खाली आले, हे विचारू नका. पण वर्ग पूर्वीपेक्षा शांत असतो, याचे श्रेय मी मुलांना देतो.

या दिवाळीत तुमच्याही घरी पोरेबाळे जमतील. कोणी रांगोळीच्या रेघेत चुकेल, कोणी करंजीची कड वाकडी कातरेल, कोणाचे दहावीचे, कोणाचे नोकरीचे, कोणाचे लग्नाचे चाललेले असेल. आणि फराळाच्या ताटाभोवती आपण सगळी जाणती माणसे सरसावून बसू. अशा वेळी तोंडात एक चकली असू द्यावी. ती कडक निघाली, तर फारच उत्तम. ती फुटेपर्यंत समोरच्याकडे नीट पाहायला सवड मिळते.